मूठ

खर्च आधी सांगते.
फोन जुना, काचेला तडा गेलेला,
फ्री झोनच्या मागच्या गल्लीत चाळीस हजार पेसोंना.
केक सजवायची फिरती थाळी ल्युबित्सावहिनीची, उसनी,
तिच्या कडेला नेलपॉलिशच्या बहात्तर खुणा,
दर पाच अंशांवर एक.
दिव्यापुढे बेकिंगचा कागद, म्हणजे सावली बोचत नाही.
आणि पायाला लावायची पावडर, मुदत संपलेली,
मी काम करते त्या औषधाच्या दुकानातून.

वस्तू : बाबांच्या रंध्याची मूठ.
बावन्न वर्षं होड्यांच्या फळ्या तासून
अंगठ्याच्या जागी वाटीसारखी खोल झालेली
आणि गेल्या मंगळवारी उभी चिरलेली.
गोंद नको म्हणाले. नवी नको म्हणाले.
मग काय हवं?
"हीच."

चकचकीत काही असलं की फोन आंधळा होतो.
हाताच्या तेलानं मूठ इतकी चमकत होती
की तो तिच्यात दिवाच शोधत बसला.
म्हणून पावडर. पांढरीफटक केली तिला.
बाबा दारातून म्हणाले,
"पुरायची आहे का हिला?"

एक खूण सरकव, श्वास धर, टिचकी.
एक खूण सरकव, श्वास धर.
सामुद्रधुनीवरून वारा आला की छपराचे पत्रे थरथरतात,
पत्र्यांबरोबर टेबल, टेबलाबरोबर दिवा.
चाळीस फोटो धूसर गेले.
पुंता अरेनासमध्ये वाऱ्याला कोणी शिव्या देत नाही,
तो भाडं न देता राहणारा पाहुणा आहे.
थांबले. पुन्हा पहिल्या खुणेपासून.

एक फेरी वरून, एक समोरून,
मग मूठ उलटी करून आणखी एक,
कारण जी बाजू टेकलेली असते
ती कुणालाच ठाऊक नसते.
दोनशे सोळा.
रात्रभर लॅपटॉप दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता.

सकाळी मूठ पडद्यावर होती,
राखाडी, अधांतरी, फिरवाल तशी फिरणारी,
खालच्या अंगाला वर्तमानपत्राचा तुकडा चिकटलेला :
"मेंढ्या विकणे आहे, किंमत समक्ष".
मेंढ्या पुसल्या. भोकं बुजवली.
बाबांच्या अंगठ्याची वाटी डावीकडे, तिला हात लावला नाही.

मग मोठं करून पाहिलं
तर उजवीकडेही एक खळगा, उथळ,
लाकडाच्या काळ्या रंगात इतकी वर्षं न दिसलेला.
उजव्या हाताचा अंगठा तिथं पोचतच नाही.

"आई डावरी होती ना?"
बाबांनी कॉफीत साखर ढवळली, साखर विरून गेली तरी ढवळली.
"मी खेकड्यांच्या बोटीवर असायचो हिवाळाभर.
गिऱ्हाइकं थांबत नसतात."
मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.
झाकली मूठ म्हणतात ती ही.

दांकोच्या शाळेतल्या प्रिंटरनं अकरा तास घेतले.
नारिंगी, कारण तोच रंग उरला होता.
बाबांनी धरली. अंगठा बरोब्बर बसला.
"हिला वजन नाही," म्हणाले.
खरंच होतं, मी फक्त कातडी आणली होती.
कोट चढवून ते बाहेर गेले,
किनाऱ्यावरून मूठभर वाळू घेऊन आले
आणि स्क्रूच्या भोकातून चिमटीचिमटीनं मुठीत भरली.
वर मेण लावलं.

पुन्हा धरली. मान हलवली.
मग उजवा हात काढून
डावा लावून पाहिला.
बसला नाही.
तरी बराच वेळ
त्यांनी तो काढला नाही.