अंगात कुठे धातू आहे का?

हा माझा दिवसातला पहिला प्रश्न,
नमस्काराच्याही आधीचा.
पेसमेकर? क्लिप? दातांची तार?
बंदुकीचा छर्रा?
इथे लोक हसतात. मीही हसते, दर वेळी नव्याने.

मग घड्याळ, पट्टा, केसांतली पिन
निळ्या ट्रेमध्ये माझ्या हवाली.
सोन्याला चुंबक ओढत नाही, तरी नियम तो नियम;
अंगठी कधी साबण लावून काढावी लागते.
बोटावर पांढरा वळ तेवढा आत जातो.

प्रोफेसर ल्युटिकाइनेन शोधतात
म्हातारपणी नावं कुठे हरवतात ते.
मी शोधते कानात घालायचे बोळे,
धुतलेली चादर, आणि पार्किंगचा पास.
घरी सांगते, मेंदूवर काम करते.
खरं तर तिथवर मी पोचतच नाही,
मी पायांवर पांघरूण घालते,
हातात रबरी फुगा देते: घाबरलात तर दाबा.
तुर्कूची माणसं दाबत नाहीत.
बाहेर आल्यावर सांगतात, जरा भीती वाटली.

दुपारी मी चेहरे काढते.
म्हणजे रेखाटत नाही,
काढून टाकते.
कवटीच्या चित्रावरून माणूस ओळखू येतो
आणि ओळखू येता कामा नये,
म्हणून प्रोग्रॅम नाक खरवडतो, पापण्या, हनुवटी, ओठ.
कान मात्र विसरतो.
उरतो मेंदू, दोन कान आणि एक आकडा.

नोव्हेंबरात टौनो केतोला आले,
बूट दारातच काढून, मोज्यांवर.
बेचाळीस वर्षं गोदीत वेल्डिंग.
प्रश्न नववा: डोळ्यात कधी धातूचा कण?
म्हणाले, मोजले नाहीत.

म्हणजे बाद.
मी तसं सांगितलं, जमेल तितकं हळू.
ते उठले नाहीत.
टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले.

माझ्यासाठी नव्हतो आलो, म्हणाले.
इर्मेली आली होती तुमच्याकडे. तीन वर्षं झाली, मार्चमध्ये.
सिनेमाची दोन तिकिटं मिळाली होती तिला.
एक अजून फ्रीजवर आहे.
मग बराच वेळ काही नाही. मग:
ती अजून असेल ना तुमच्याकडे?

मी सांगितलं, नावं आणि आकडे जोडणारी यादी
नष्ट केली आहे, समितीचं तसं पत्र आहे.
नष्ट हा शब्द मी दोनदा वापरला.
एकदा पुरला असता.

त्यांनी मान हलवली. नियम त्यांना कळतात.
म्हणाले, चेहरा नको, तो आहे माझ्याकडे.
डाव्या कानाची पाळी चिरलेली होती तिची,
लहानपणी हंसाने चावा घेतलेला.
कुणी विचारलं की सांगायची, अस्वल होतं.

पलीकडच्या खोलीत यंत्र सुरू झालं.
पाहुणे त्याला काय काय म्हणतात,
ड्रिल, टोळधाड, मुलाचा ढोल.
केतोलांनी डोळे मिटले.
तळाचा गंज खरवडतायत, म्हणाले,
कोरड्या गोदीत. बरं वाटतं.
कॉफी थंड होईस्तोवर ऐकत बसले,
मग कप स्वतः धुऊन पालथा ठेवला
आणि गेले.

त्या संध्याकाळी मला थांबायचं कारण नव्हतं.
फोल्डरमध्ये एकशे बारा जण होते,
एकशे बारा बिनचेहऱ्याचे,
दोनशे चोवीस कान,
हेडफोनखाली चेपलेले, नीट दिसतही नाहीत.

मी शोधलं नाही,
असंच लिहीन,
नोंदवहीत तसा रकाना निघाला तर.

सकाळी पहिली आली ती ग्रंथालयातली बाई,
गोड, बडबडी, हातात ओला मफलर.
अंगात कुठे धातू आहे का, मी विचारलं,
आणि ती नाही म्हणत असताना
मी तिच्या कानांकडे बघत होते.