शेरा: निरंक

धारूरच्या घाटाखाली, रस्ता चौपदरी व्हायच्या आधी,
मी तीन दिवस झाडं मोजली.
घेर टेपनं, उंची अंदाजानं,
बुंध्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा आकडा.
लिंब, आंबा, धावडा, सालई, हिवर.
एकशे चौऱ्याहत्तर.
गावात त्या जागेला मसोबाचं बन म्हणायचे,
माझ्या कागदावर ते गट नंबर.

सटवाजी दुधभाते माझ्या मागं मागं,
पायात टायरची चप्पल, कमरेला विळा.
"आंब्यावरलं बांडगूळ वायलं, लिंबावरलं वायलं,
हिवरावरल्याला तर ईचारल्याबिगर हात लावायचा न्हाई."
कुणाला विचारायचं, ते मी विचारलं नाही.
वर एकानं कापायचं, म्हणाला,
खाली दोघांनी धोतर ताणून धरायचं.
भुईला टेकलं की संपलं,
मंग त्यो निस्ता पाला.

"काय लिव्हायलात, सायेब?"
झाडं.
"आन् त्ये?" त्यानं फांदीकडं बोट केलं.
फॉर्मात शेवटचा रकाना होता,
वरती छापलेलं: इतर वनस्पती, असल्यास शेरा.
मी लिहिलं, निरंक.
मराठीत बांडगूळ ही शिवी आहे.
त्या दिवसांत ती मी मेहुण्याला वापरायचो,
तो आमच्याकडं राहून डी.एड. करत होता.

निवृत्तीनंतर अंबाजोगाईच्या वाचनालयात
पाठकोरं पुस्तक हाताला लागलं, पुठ्ठा गेलेला.
ड्रुइड नावाचे लोक.
समुद्रापल्याडचा थंड मुलूख, दोन हजार वर्षांमागं,
ओकच्या राया. ओक मी पाहिलेला नाही.
पांढऱ्या वस्त्रातला माणूस झाडावर चढतो,
सोन्याच्या विळ्यानं बांडगूळ कापतो,
खाली पांढरं कापड धरून उभे,
भुईला टेकू देत नाहीत.

मी चष्मा काढून पुसला.

दिवस चंद्राचा सहावा.
म्हणजे षष्ठी. आमच्याकडं एका षष्ठीला
खंडोबाला भरीत-रोडग्याचा निवेद असतो.
योगायोग असेल. असू दे.
वीस-वीस वर्षं पाठांतर करायचे म्हणे.
अक्षर येत होतं, हिशेबाला वापरायचे,
विद्या मात्र तोंडातून कानात.
मेलेल्याचा जीव दुसऱ्या देहात जातो असं मानायचे,
ते तर आमच्या गल्लीतही मानतात,
विशेषतः वाटणीच्या वेळी.

आणि शेवटी, बारीक टायपात:
यांची जवळजवळ सगळी माहिती रोमनांनी लिहिलेली.
हे माणसं बळी देत, हेही त्यांनीच लिहिलं.
खरं असेल, नसेल.
एका बेटावरच्या राया रोमन फौजेनं तोडल्या,
आता त्या तोडणाऱ्यांच्याच वहीत उभ्या आहेत.

पंखा करकरत होता.
समोरचा पोरगा स्पर्धापरीक्षेचं घोकत होता, डोळे मिटून.

मसोबाच्या बनाचा कागद एकच आहे.
बीडच्या कचेरीत, लाल फडक्यात, गाठ मारलेला.
अक्षर माझं. वळणदार म्हणून साहेब कौतुक करायचे.

सटवाजी जाऊन सहा वर्षं झाली.
पोरगा टोलनाक्यावर असतो, त्याच रस्त्याच्या.
काच खाली करून विचारलं.
"आण्णा काहीबाही म्हणायचे," तो म्हणाला,
मागं टँकरनं हॉर्न लावला,
त्यानं पावती हातात दिली.

पावतीच्या पाठीमागं जागा होती.
घरी येऊन लिहायला बसलो:
आंब्यावरलं, मोडल्या हाडाला.
हिवरावरलं, विचारून.
लिंबावरलं तापाला? का आंब्यावरलंच तापाला
आणि लिंबावरलं हाडाला?
खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं.
निरंक लिहायला हात धजला नाही.
लिंबावरलं, एवढं लिहून
पुढं जागा कोरी ठेवली आहे.