सातवा खंड

वार्डोच्या वाचनालयात सातवा खंड आला,
वेष्टण फोडणारी पहिली मीच, टोरबियर्ग.
पेपराला तीनशे शब्द हवेत, सोमवारपर्यंत.

तर: यान परतलं. ती बत्तिशीची, तो एकाहत्तरचा.
सहा खंड हे अंतर वाढतच गेलं
आणि आता, शेवटून तिसऱ्या प्रकरणात,
लेखिकेने कुठूनसं एक यंत्र काढलं
नि दोघांना एका वयाचं करून टाकलं.
लिहिलं: ही पळवाट आहे.
लिहिलं: लग्नाचं जेवण चाळीस पानं चालतं,
मीठ कुणीच वाढत नाही.

आधीच्या सहाही खंडांत कुणीतरी
समासात पेन्सिलीने बारीक टिंबं दिलेली,
मी थांबायचे बहुतेक तिथेच.
कोण, ते कधी विचारलं नाही.
धक्क्यावर खेकडे मोजणारा ओड्वार असेल,
नसेलही.
सातव्याचे समास कोरे.

पान चारशे बारा. यंत्राच्या आदल्या रात्री
तो तिचे ओले बूट हीटरजवळ सरकवतो,
हात थरथरतात, एक बूट पडतो,
ती झोपेचं सोंग मोडत नाही.

हे परीक्षणात बसलं नाही.
आमच्याकडे पुस्तकाला फाशाचं दान देतात;
मी तीन दिलं.

पुस्तक परत करायला अजून आठवडा आहे.
पेन्सिल कुठे ठेवली?