बिजागरी

एकतीस वर्षं बोल्टच्या कारखान्यात काढली,
म्हणून लोखंड कण्हलं की मला कळतं
कुठे दुखतंय ते.

मग या टेकडीवर आलो, नागोयाच्या पूर्वेला,
विद्यापीठाच्या फाटकावर, रात्रपाळीला.
पोरं जाताना मान लववतात, मीही लववतो.
नंतर विजेरी घेऊन एकेक इमारत.
सगळ्यात शेवटी प्रार्थनाघर.

त्याचं दार करकरायचं.
वरची बिजागरी. दोन थेंबांचं काम.
पहिल्याच रात्री खिशातून तेलाची कुपी काढली
तर आतून आवाज, अस्सल इथल्या बोलीत,
माझ्या आजोबांच्या तोंडचा वाटावा असा:
“राहू दे रे. मला दिसत नाही.
ते कुरकुरतं, तेव्हा कळतं कुणीतरी आलंय.”

फादर ओडिलो. नव्वदी ओलांडलेले.
आल्प्सच्या कुशीतल्या कुठल्याशा खेड्यातून
बोटीने आले, तेव्हा मी रांगत असेन.
लॅटिन शिकवायचे. शेवटी वर्गात एकच मुलगी उरली, कुनिएदा.
ती मोठ्याने वाचायची, हे बसल्या जागी चूक पकडायचे,
मी बोल्टमधली भेग पकडायचो तशी,
नुसत्या टिचकीने.

मी ख्रिस्ती नाही.
घरी बुद्धाचा देव्हारा, त्यात बायकोचा फोटो.
तरी या दाराशी रोज कमरेत वाकायचो.
त्यांना कसं कळलं कोण जाणे,
पट्ट्याचा किल्ल्यांचा जुडगा वाजत असेल.
“कुणाला वाकतोस, होरिबे?”
म्हटलं, “दाराला. वयस्कर आहे.”
इतके हसले की ठसका लागला,
धावत जाऊन पाणी आणावं लागलं.

फेब्रुवारीत गेले. इबुकी डोंगरावरचा वारा सुटला होता,
प्रवेशपरीक्षा चालू होत्या,
म्हणून घंटा वाजवली नाही.

मार्चमध्ये कार्यालयाची चिठ्ठी आली:
प्रार्थनाघराचं दार, आवाज, तक्रार.
खाली लाल शिक्का, सगळं रीतसर.
दोन थेंब.
दार असं उघडलं, की नव्हतंच जणू.

आत गेलो. विजेरी लावली नाही.
त्यांच्या खुर्चीच्या बाजूला थोडा उभा राहिलो,
मग जुडगा हलवला,
एकदाच,
उगाच आपला.

मागच्या बाकावर कुणीतरी दचकलं.
“होरिबेसान?” कुनिएदाचा आवाज, रडून बसलेला.
“तुम्ही कधी आलात?”