लिंत्सचे डोळे

गोठ्यात अकरा गायी, आणि मी दुकानात जाऊन
खोबऱ्याची चरबी विकत आणली.
टिंहोफरबाई काही बोलल्या नाहीत,
फक्त पावती दोनदा वाचली.
दिवेलागणीपर्यंत म्यूलच्या या टेकडीवर
सगळ्यांना कळलं असणार.

बुर्गी शुक्रवारी येते, साडेचारच्या बसनं.
सहा वर्षं झाली तिनं दूध सोडून.
दूध, लोणी, अंडं, मधसुद्धा.
नाताळात ती सफरचंद खाते, काळा पाव खाते,
आणि बिस्किटांचा डबा समोरून फिरू लागला
की खिडकीबाहेर बघते.

हेडविगला कृती तोंडपाठ आहे.
सांगणार नाही. शेगडीपाशी उभी, हाताची घडी.
"लोण्याशिवाय? मग भिंतीला लिंप ते पीठ."

म्हणून मीच.
तीन वाट्या मैदा, एक वाटी दळलेले हेझलनट,
लिंबाची साल, दालचिनी, मीठ,
अंड्याच्या जागी सफरचंदाचा शिजवलेला गर.
लोणी बोटांचं कसं ऐकतं ते मला विचारा,
चाळीस वर्षं तोच धंदा.
ही चरबी ऐकत नाही.
मुठीत धरली तर पाणी, खिडकीशी ठेवली तर दगड.
पहिली पोळी लाटली, ती लाटण्यालाच चिकटून
मधोमध दुभंगली.
हेडविग हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.

गोळा झाकून बाहेर कठड्यावर ठेवला.
उणे सात.
येईल अर्ध्या तासात वठणीवर.

तेवढ्यात गोठ्यातून लोरे हंबरली.
विशेष काही नाही, पाण्याची वेळ.
पण मला जिना दिसतो.
जिन्यावर नऊ वर्षांची बुर्गी, लोकरी मोज्यांत,
वासरू नेल्याची तिसरी रात्र.
"ती किती दिवस हाका मारेल?"
"विसरतात," मी म्हणालो.
पहाटे चारला धारा काढायच्या होत्या.
मी झोपायला गेलो.
ती कधी झोपली, मी विचारलं नाही
त्या रात्री, आणि नंतरही.

दुसरी पोळी नीट लाटली गेली.
वाटीनं गोल कापले, अर्ध्यांना भोकं पाडायला
पेन्सिलीचं टोक घेतलं
तर हेडविगनं शिवणाच्या डब्यातून अंगुस्तान काढून
माझ्यापुढं आपटलं.
"तीन. दोन नाही, तीन.
डोळे म्हणतात त्यांना, पण तीन."
मग तळघरात गेली, वर आली
जुलैतल्या रिबीझलचा मुरंबा घेऊन.
"यात जिलेटिन नाही," जणू मी आरोप केला होता.
"कधीच नव्हतं."

बारा मिनिटं भट्टीत.
सहा मोडली, ती मी उभ्याउभ्या खाल्ली.
खुसखुशीत होती. लोण्याची नव्हती.
खोटं कशाला बोलू.
उरलेल्यांवर मुरंबा, वर भोकांची टोपी,
आधीच पिठीसाखर भुरभुरलेली, म्हणजे लाल लालच राहतं.
हेडविग म्हणाली, रात्रभर राहू दे,
मुरंबा मुरला की मऊ होतील.
ही कृती तिनं आपणहून सांगितली.

बुर्गीनं डबा उघडला. एक उचललं, उलटं करून पाहिलं,
नाकाशी नेलं.
"पापा, यात काय आहे?"
मी सांगू लागलो, मैदा, हेझलनट, सफरचंद,
आणि टिंहोफरबाईंची पावतीसुद्धा दाखवली.
तिनं चार खाल्ली.
"मीठ जास्त झालंय," म्हणाली, आणि पाचवं घेतलं.

संध्याकाळी धारांच्या वेळी
गोठ्याचं दार करकरलं.
ती आत आली, बादली पालथी घालून बसली,
काही न बोलता. मीही यंत्र लावत राहिलो.
लोरेनं मान लांबवून
तिच्या तळहातावरची पिठीसाखर चाटली.

ती लोरे नव्हे ही.
तिच्या नातीची लेक.
नाव आम्ही तेच ठेवतो.