वजनाची वही

आधी डोळ्यांवर टॉवेल बांधतात,
मग कानांत मोजे कोंबतात,
जुने, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचे.
बादलीनं पाणी ओततात पाठीवर.
डॉक्टर करवत चालू करतो
आणि ह्लायिसेका माथेबुला वही उघडते.

मादी, सत्तावीस.
पुढचं शिंग दोन किलो नऊशे दहा.
मागचं सातशे चाळीस.
भुसा वेगळा, ताडपत्रीवरून झाडून, पिशवीत भरून:
एकशे साठ ग्रॅम.
भुशालाही भाव आहे,
म्हणून भुशालाही रकाना आहे.

माझ्या भाषेत निबर माणसाला
गेंड्याच्या कातडीचा म्हणतात.
म्हणणाऱ्यानं हिच्या कानामागे बोट ठेवून बघावं.
गोचीड चावली की थरथरते तिथली घडी.
दुपारचं ऊन सोसत नाही म्हणून
चिखल शोधत हिंडते ही निबर बाई.

अकरा मिनिटं.
उताऱ्याची सुई कानाच्या शिरेत,
आणि सगळे गाडीकडे पळतात.
ती उठते. थोटं नाक हवेत फिरवते.
झुडपाआडचं पिल्लू आधी मागे सरतं,
मग वासानं ओळखतं.

शिंगं मोडून वासरांत शिरणं म्हणजे म्हातारचळ,
असं आपण हसून म्हणतो.
इथे शिंग मोडलं तरच
वासराजवळ राहता येतं,
आणि तेही दीड वर्ष.
शिंगाला कळत नाही, ते वाढतं.

वहीत ऑगस्टचं एक पान आहे.
नर, एकोणीस. वजन: रिकामं.
बोटभर थुटकं उरलं होतं,
तेवढंही कुऱ्हाडीनं डोळ्यापर्यंत खणून नेलेलं.
नेणारे दोघं. तिसरा गवतात राहिला.
खाली, रेष सोडून, तिच्याच अक्षरात:
इसम एक. वय अंदाजे बावीस.

अंदाजे हा शब्द तिनं मुद्दाम लिहिला.
तो जन्मला त्या रात्री ती नऊ वर्षांची होती,
नदीपलीकडे, मोझांबिकात,
मावशीच्या अंगणात चुलीवर पाणी तापवत.
एलिदियो. पायाळू जन्मलेला.
कुंपणाची तार पुढे कुणी कुठून ओढली
हे दोघांनाही कुणी विचारलं नाही.
तारेच्या दोन्ही बाजूंना
गेंड्याला म्हेलेंबेच म्हणतात.

रायफल भाड्याची. बूट भाड्याचे.
खिशात भाजलेले शेंगदाणे मात्र घरचे.

आणि दूर हनोईत, अठराव्या मजल्यावर,
रात्रीची दारू उतरावी म्हणून
कुणी खडबडीत थाळीत पाणी घालून
शिंग उगाळतो,
आपण बाळाला मात्रा उगाळतो तसं,
मोजून वळसे देत, पाहुण्यांना दाखवत.
गुण येतो का?
सशाच्या शिंगानंही आला असता तेवढाच.

नाताळात ह्लायिसेका मावशीकडे गेली.
गणवेश घरी ठेवून,
पण चालण्यातून तो जात नाही.
गोळी कुणी झाडली, हे मावशीनं विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही की
ती त्या दिवशी वजन करायला गेली होती,
बंदूक तिच्याकडे नसते.
दोघी शेंगा सोलत बसल्या.

वर नवं छप्पर. झिंकचे पत्रे.
ऊन चढलं की पत्रा ताणतो आणि टण् वाजतो.
दर टण्‌ला ह्लायिसेकाची मान खाली जाते.
मावशीची आता जात नाही.

"पहिल्या खेपेचे आहेत," मावशी म्हणाली,
वर न बघता.
"उतरवून परत करावेत, असं वाटतं.
पण कुणाला?"

टरफलं मांडीवरून झटकून
ह्लायिसेकानं सवयीनं वर पाहिलं, मोजले.
चौदा.
वही सोबत नव्हती.