गाडी मागे घेताना

तेवीस वर्षांची आमची कॅम्परव्हॅन
चढ आला की खोकते,
उतारावर कपाटातले कप आपसांत कुजबुजतात.
चालवते मी. शेजारी बाबा,
मांडीवर बिस्किटांचा डबा,
नजरेच्या ऐन मधोमध
दोन वर्षांपासून बसलेला राखाडी डाग, बशीएवढा.
कडेकडेचं तेवढं दिसतं त्यांना:
कुंपणाचे खांब, मेंढ्यांची पाठमोरी घाई,
डावीकडे मध्येच लकाकून जाणारा समुद्र.

"ग्विलिमच्या दुकानाशी उजवीकडे."
ग्विलिमचं दुकान नाही आता.
तिथे रंग देऊन नीटनेटकं केलेलं घर,
दाराशी आकडे फिरवायची किल्लीची पेटी,
ऑगस्टपर्यंत ओढलेले पडदे.
मी सांगत नाही. उजवीकडे वळते.
"चॅपेलनंतर तिसरं फाटक."
चॅपेलच्या खिडकीतून सर्फबोर्ड दिसतायत, उभे, ओळीने.
तेही सांगत नाही.
वळणं मात्र तीच आहेत,
आणि अख्ख्या लीन द्वीपकल्पात
बाबांचं एकही वळण चुकत नाही.

डांबरावर पांढऱ्या अक्षरांत 'अराव'. म्हणजे हळू.
हळूच जातोय. दोन्हीकडे मातीचे उंच बांध,
त्यांवर पिवळी काटेरी फुलं,
ऊन पडलं की चक्क खोबऱ्याचा वास येणारी.
रस्ता असा, की गाडीने अंग चोरावं.

आणि वळणावर, अगदी नाकासमोर, ट्रॅक्टर.
वर नेस्टा प्रदेर्ख, पायाशी कुत्रा,
मागे ट्रेलरभर मेंढ्या, सगळ्या माझ्याकडे बघणाऱ्या.
नेस्टा हसते. हाताने खूण करते: तुम्हीच.
मागे जायचं. तीनशे यार्ड.
मला मागे घेता येत नाही,
हे मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी सिद्ध केलंय.

बाबा उतरतात. बॉनेट चाचपत
माझ्या दाराशी येतात. "सरक."
"तुम्हाला दिसत नाही, बाबा."
"मागे काय बघायचंय त्यात?"

खिडकीबाहेर डोकं, एक हात चाकावर.
"इथे मोरी आहे," म्हणतात. गाडी आचका देते: मोरी.
"इथे ओवेनचा दुधाच्या कॅनांचा ओटा."
आहे. गवतात बुडालाय, पण आहे.
मी श्वास धरून मोजतेय यार्ड.
मग डावीकडून खाडकन् आवाज,
आरसा बांधाच्या पायथ्याशी, तुकड्यांत आभाळ.
"हा खांब नवा," बाबा म्हणतात,
जणू चूक खांबाची.

नेस्टा ट्रॅक्टर थांबवून वाकते, वेल्शमध्ये काही विचारते.
बाबा उत्तर देतात, दोघं पोट धरून हसतात.
मला दोनच शब्द कळले: 'मेंढी' आणि 'तुझी आई'.
रेक्सममध्ये कारखान्यात वाढलं घर;
ही भाषा तिथे काय कामाची, म्हणाले होते,
आणि मला दिली नाही.

टोकाशी पोचलो तेव्हा वारा इतका,
की किटलीची शिट्टीही बाहेर जाईना.
समोर धुकं. बेट असेल कुठेतरी.
मी आरशाची चौकट चिकटपट्टीने बांधत होते.

"ग्विलिमचं घर," बाबा अचानक म्हणाले,
"कुठल्या रंगाचं केलंय?"

माझा हात थांबला.
"करडं."

"शी," म्हणाले,
आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.